सगळ्यांची खिरापत
(गव्हाशिवाय खाऊ: भोंडल्यापासून हॅलोवीनपर्यंत)

भोंडल्याची गाणी संपत आली की मुलींचे लक्ष हत्तीच्या पाटावरून उडते आणि झाकलेल्या डब्याकडे लागते. गोड की तिखट? कोरडे की ओले? डबा हलवून पाहायचा, आवाज ऐकायचा आणि नाव सांगायचे. गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या भोंडल्यात तिसरीतल्या एका मुलीने पहिल्याच फेरीत खिरापत ओळखली. "रव्याचे लाडू!" टाळ्या वाजल्या, झाकण निघाले, लाडू वाटले गेले. आणि जिने ते ओळखले, तिच्याच हातावर आम्हाला लाडू ठेवता आला नाही.

ह्या मुलीला सीलिअ‍ॅक हा आजार आहे. तिला गव्हाचा कणही चालत नाही. जूनमध्ये तिच्या आईने तसे लिहून दिले होते आणि तो कागद कार्यालयात व्यवस्थित फायलीत लावलेला होता. खिरापतीची यादी करताना मात्र तो कागद आमच्यापैकी कोणीही काढून पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्यासाठी वेगळा डबा आणला. तिने तो न उघडता घरी नेला. आई भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, तिला लाडू नको होता हो. तिला सगळ्यांबरोबर खायचं होतं."

म्हणून पुढच्या भोंडल्याला आम्ही सर्वांसाठीच तांदळाच्या चकल्या केल्या. ह्या वेळी तिने सर्वांबरोबर खाल्ले आणि आम्हाला फार बरे वाटले. पुढचे दोन दिवस ती शाळेत आली नाही. पोटदुखी आणि उलट्यांनी ती हैराण झाली होती. तिच्या आईने आम्हाला रागावून काही म्हटले नाही, फक्त तीन प्रश्न विचारले. पीठ कुठे दळले होते? हिंग कोणता घातला होता? तेल नवे होते का?

तिन्ही प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या तीन प्रश्नांतून निघाला आहे.

ग्लूटेन म्हणजे काय?

बालमित्रांनो, आई कणीक मळते तेव्हा ती रबरासारखी ताणली जाते हे तुम्ही पाहिले असेल. हा ताण येतो ग्लूटेन नावाच्या प्रथिनांमुळे. म्हणूनच पोळी पातळ लाटता येते, पुरी फुगते आणि पाव जाळीदार होतो. ज्वारीच्या पिठात ग्लूटेन नसते. त्यामुळे भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि भाकरी हाताने थापावी लागते. पोळीसारखी लाटायला गेले तर तिच्या कडा फाटतात.

हे घरी पडताळून पाहता येते. कणकेचा लिंबाएवढा गोळा मळून अर्धा तास ठेवा. मग पाण्याच्या भांड्यात हाताने दाबत दाबत धुवा. पांढरे पाणी निघत राहील आणि शेवटी हातात चिवट, करडा, रबरी लगदा उरेल. तो बहुतांशी ग्लूटेन. हाच प्रयोग ज्वारीच्या पिठाच्या गोळ्यावर केला तर गोळा विरून जातो, हातात काही राहत नाही.

ग्लूटेन गव्हात असते, जवात असते आणि युरोपात पिकणाऱ्या राय ह्या धान्यात असते. रवा, मैदा, लापशी रवा, शेवया, पाव, टोस्ट, नानकटाई हे सगळे गव्हाचेच. आपल्या शहराची शान असलेले उस्मानिया बिस्किट मैद्याचे, आणि हलीममध्येही गहू असतो. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा आणि सर्व डाळींमध्ये मात्र ते नसते. ओटमध्ये स्वतःचे ग्लूटेन नसले तरी त्यात गव्हाची भेसळ सहज होते, म्हणून वैद्यांना विचारल्याखेरीज ते देऊ नये.

आजार कसा कळला?

हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. अशा आजाराची मुले त्यांच्या देखरेखीखाली होती आणि गव्हाचा ह्याच्याशी संबंध असावा असा त्यांचा कयास होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे भयंकर दुष्काळ पडला. लोकांना पाव मिळेना. लोक उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली. पुढे पाव परत मिळू लागला आणि मुले पुन्हा आजारी पडली. डिके ह्यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचे हे कारण मांडले.

सीलिअ‍ॅक असलेल्या व्यक्तीने ग्लूटेन खाल्ले की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, ते अन्नरस शोषून घेतात. ते उंचवटे झिजून सपाट होतात. मग मूल कितीही जेवले तरी अंगी लागत नाही. वारंवार जुलाब, पोट फुगणे, उंची-वजन न वाढणे, लोहाच्या गोळ्या देऊनही न हटणारा पंडुरोग ही काही लक्षणे. काहींना पोटाचा त्रास जाणवतही नाही. ह्यावर औषध नाही. जन्मभर ग्लूटेन टाळणे हाच उपचार, आणि तो नीट पाळला तर आतडे भरून येते व मूल इतरांसारखेच वाढते.

भारतात हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेकडील राज्यांत जास्त आढळतो, दक्षिणेत बराच कमी. त्यामुळे आपल्याकडे तो चटकन ध्यानात येत नाही आणि "पोळीचा घास खाल्ल्याने काय होतंय!" असे आजी-काकूंनी प्रेमाने म्हणण्याचा संभव जास्त.

पालकांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. शंका आली म्हणून स्वतःहून मुलाचा गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडे जा. रक्ताची तपासणी आणि गरजेप्रमाणे आतड्याची तपासणी गहू खाण्यात असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडला तर निदान चुकू शकते. ज्यांना हा आजार नाही त्यांनी फॅशन म्हणून पोळी सोडण्याचेही कारण नाही.

ते तीन प्रश्न

पहिला प्रश्न गिरणीचा. आपण तांदूळ स्वच्छ धुतले, वाळवले, पण गिरणीत आपल्या आधी कोणाचे तरी गहू दळले गेले होते. जात्याच्या पाळीत आणि पिठाच्या कापडी तोंडात राहिलेला गहू आपल्या तांदळात उतरला. हा गिरणीवाल्याचा दोष नव्हे, आम्ही त्याला काही सांगितलेच नव्हते. आपल्या देशात 'ग्लूटेनमुक्त' असे वेष्टनावर लिहायचे तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन असते असे धरले, तर पाच किलो तांदळाच्या पिठात एक ग्रॅम कणीक मिसळली तरी ही मर्यादा गाठली जाते. एक ग्रॅम म्हणजे एक चिमूट! ह्यावरून गिरणीचे महत्त्व ध्यानात येईल.

दुसरा प्रश्न हिंगाचा. ह्याची तर आम्हाला कल्पनाच नव्हती. शुद्ध हिंग फार उग्र असतो. म्हणून डबीतला रोजचा हिंग डिंक आणि पिठाच्या आधाराने बांधलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. डबीवरील घटकांची यादी वाचली तर 'गव्हाचे पीठ' किंवा 'मैदा' हे शब्द दिसतात. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. तो मिळाला नाही तर हिंगाशिवाय फोडणी करावी. जिरे, ओवा, कढीपत्ता असला की हिंगाची आठवण होत नाही.

तिसरा प्रश्न तेलाचा. ज्या तेलात सकाळी पुऱ्या तळल्या त्याच तेलात दुपारी चकल्या तळल्या होत्या. पुरीचे जळके कण तळाशी होते. गरम तेलाने ग्लूटेन नाहीसे होत नाही.

ह्या तीन प्रश्नांना तिच्या आईने पुढे आणखी काही जोडले. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या चिरांत कणीक राहते. पिठाची चाळणी कितीही धुतली तरी जाळीत कण अडकतात. मेतकुटात गहू भाजून घालतात. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पुडीत आणि माल्ट घातलेल्या कॉर्नफ्लेक्समध्ये जव असते. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. आणि ज्याचा आम्ही कधी विचारच केला नसता असे दोन पदार्थ, जे खाण्याचे नाहीत पण मुलांच्या हातात असतात: खेळायचे रंगीत मऊ पीठ आणि मुखवटे चिकटवायची मैद्याची खळ.

आपल्या शहराचे ताट

हे सगळे ऐकून मन दडपून जाते. आता मुलांना द्यायचे तरी काय? पण जरा आजूबाजूला पाहिले तर उत्तर समोरच आहे.

१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. तिकडून कामधंद्यासाठी, शिक्षणासाठी इथे आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्वारीची भाकरी सोबत आणली. इथे पाहतात तो तेलंगणातही तीच भाकरी, फक्त नाव जोन्न रोट्टे. आजही संध्याकाळी रस्त्याच्या कडेला गाड्यांवर ती गरम गरम मिळते. आपले थालीपीठ आणि इकडची सर्वपिंडी ह्या तर सख्ख्या बहिणी. सर्वपिंडी तांदळाच्या पिठाची, त्यात हरभरा डाळ, शेंगदाणे आणि तीळ.

भोंडला आणि बतुकम्मा ह्यांचेही तसेच. आपण हत्तीभोवती फेर धरतो, इथल्या बायका फुलांच्या रचलेल्या बतुकम्माभोवती. भाद्रपद अमावस्येपासून नऊ दिवस हा सण चालतो आणि जवळजवळ प्रत्येक दिवसाचा नैवेद्य ठरलेला असतो. पहिल्या दिवशी तीळ आणि तांदळाचे पीठ किंवा कणी. दुसऱ्या दिवशी पोहे. मग साधे वरण, मग दूध-गुळातले भिजवलेले तांदूळ, मग डोसे. सहाव्या दिवशी बतुकम्मा रुसलेली असते, म्हणून नैवेद्य नाही. सातव्या दिवशी 'वेपकायल', म्हणजे तांदळाच्या पिठाच्या लिंबोळ्या. आठव्या दिवशी तीळ, लोणी आणि गूळ. शेवटच्या दिवशी दही, चिंच, लिंबू, खोबरे आणि तीळ घातलेले भाताचे पाच प्रकार. त्या दिवशीचा मलिदा बहुधा पोळीचा असतो, तो तेवढा वगळावा. बाकी नऊ दिवसांत गहू जवळपास नाहीच.

आपल्या नवरात्रातल्या उपवासाच्या पदार्थांतही तेच आहे: साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा. म्हणजे गव्हाशिवाय खाऊ ही काही परदेशातून आलेली नवी टूम नाही. आपल्या घरांत, आपल्या शेजारात तो आधीपासूनच आहे.

भर घालायला आपल्या शहरात दोन मोठ्या संस्था आहेत. पाटणचेरू येथील इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग अशा कोरडवाहू पिकांवर काम करते. राजेंद्रनगर येथे भारतीय श्रीअन्न अनुसंधान संस्था आहे, तिचे कामच भरडधान्यांवर. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा ह्या संस्थेचे नाव सर्वदूर पोहोचले.

हॅलोवीनचे काय?

नवरात्र संपले आणि मोठ्या वर्गातली मुले नवी मागणी घेऊन आली. गच्चीबावली, कोंडापूरकडच्या सोसायट्यांत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन होतो. मुले भुताखेतांचे वेष घालून दारोदार खाऊ मागत फिरतात. "बाई, आपणही करू या ना!"

आमच्यात ह्यावर थोडी चर्चा झाली. मग असे ठरले की आधी मुलांनी माहिती काढावी. त्यांनी काढलेली माहिती अशी: हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा सुरू होताना मेलेली माणसे घरी परततात अशी तिथे जुनी समजूत होती. पुढे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली रात्र म्हणून ख्रिस्ती परंपरेत तो आला. आयर्लंडमध्ये सलगमासारखे कंद कोरून त्यात दिवा ठेवत. तिथले लोक अमेरिकेत गेले, तिथे मोठा केशरी भोपळा मिळाला आणि कोरायलाही सोपा गेला.

हे ऐकून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे त्यांचा पितृपक्षच की!" अगदी तसेच नसले तरी आठवण तीच. आणि इथली बतुकम्माही सर्वपित्री अमावस्येलाच सुरू होते. तेव्हा खाऊचा एक तास करायला हरकत नाही, पण तो खाऊ सर्वांना खाता आला पाहिजे, अशी अट आम्ही घातली. बाजारातले कपकेक आणि भुताच्या आकाराची बिस्किटे मैद्याची असल्याने ती आपोआप बाद झाली. मुलांनी स्वतःच करावा असा खाऊ खाली देत आहोत. भोंडला असो, हॅलोवीन असो की वाढदिवस, पदार्थ तेच, नावे वेगळी.

मुलांबरोबर करायचे चार पदार्थ

१. भोपळ्याचे घारगे (हॅलोवीनचे भोपळे)

साहित्य: १ वाटी किसलेला लाल भोपळा, पाऊण वाटी किसलेला गूळ, अंदाजे दीड वाटी तांदळाचे पीठ, १ चमचा तूप, चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ, तळण्यासाठी नवे तेल.

कृती: तुपावर भोपळ्याचा कीस परतून झाकण ठेवून मऊ शिजवावा. गूळ घालून विरघळू द्यावा. गॅस बंद करून मावेल तेवढे पीठ घालावे व झाकून ठेवावे. कोमट झाल्यावर मळावे. केळीच्या पानावर तूप लावून मुलांनी घारगे थापावेत आणि वाटीने गोल कापावेत. स्ट्रॉने डोळे आणि सुरीच्या बोथट बाजूने हसरे तोंड कोरावे. छिद्रांमुळे घारगा फुगत नाही, पण चेहरा छान दिसतो. तळण्याचे काम मोठ्यांचे. तळायचे नसल्यास तव्यावर तूप सोडून मंद आचेवर भाजावेत. ह्यात ग्लूटेन नसल्याने कडा चिरतात. ओल्या बोटाने सारख्या कराव्यात.

२. लिंबोळ्या (किंवा चेटकिणीची बोटे)

साहित्य: १ वाटी तांदळाचे पीठ, १ वाटी पाणी, १ चमचा तेल, मीठ, ओवा, तीळ. फोडणीसाठी मोहरी, कढीपत्ता. नखांसाठी सोललेल्या शेंगदाण्यांच्या पाकळ्या.

कृती: पाण्यात तेल, मीठ, ओवा, तीळ घालून उकळी आणावी. पीठ घालून ढवळावे, गॅस बंद करून दहा मिनिटे झाकावे. उकड मळून मुलांच्या हाती द्यावी. लहान टोकदार गोळे केले की लिंबोळ्या. लांब वळून चमच्याने पेरांच्या रेघा पाडल्या आणि टोकाला शेंगदाण्याची पाकळी दाबली की चेटकिणीची बोटे. चाळणीत बारा-पंधरा मिनिटे वाफवावीत. वरून हिंगाशिवाय फोडणी. बतुकम्माच्या लिंबोळ्या तळतात, पण वाफवलेल्या मुलांच्या पोटाला हलक्या पडतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेले मूल वर्गात असेल तर नखांना खोबऱ्याचा काप लावावा.

३. खोबऱ्याची भुते

साहित्य: २ वाट्या बारीक सुके खोबरे, पाऊण वाटी गोड आटवलेले दूध, डोळ्यांसाठी काळे तीळ किंवा बेदाण्याचे तुकडे.

कृती: गॅस लागत नाही, म्हणून बालवाडीसाठी उत्तम. खोबरे आणि दूध कालवून अर्धा तास थंड जागी ठेवावे. मुलांनी निमुळते उभे गोळे करून डोळे लावावेत. आमच्या बालवाडीत एकही भूत भीतिदायक झाले नाही. बहुतेक सगळी हसत होती.

४. ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा

साहित्य: ४ वाट्या ज्वारीच्या लाह्या, अर्धी वाटी शेंगदाणे, अर्धी वाटी डाळे, कढीपत्ता, हळद, मीठ, पिठीसाखर, २ चमचे तेल.

कृती: तेलात शेंगदाणे, डाळे आणि कढीपत्ता कुरकुरीत करावेत, हळद-मीठ घालून गॅस बंद करावा व लाह्या मिसळाव्यात. मुलांनी कागदाचे कोन करून भरावेत. हा डबा हलवला की आवाज फसवा येतो, म्हणून ओळखायला कठीण!

कामाची वाटणी: बालवाडीने आकार द्यावेत. पहिली ते चौथीने मोजावे आणि थापावे. पाचवीपासून पुढच्यांनी वेष्टने वाचावीत. गहू, मैदा, रवा, जव, माल्ट, नुसतेच 'खाद्य स्टार्च' हे शब्द दिसले की बाजूला ठेवावे व विचारावे. मोठ्या मुलांना हे काम फार आवडले. एका मुलाने तर घरातल्या सगळ्या डब्या वाचून काढल्या आणि आजीच्या हिंगाची डबी पुराव्यादाखल शाळेत आणली.

क्रम महत्त्वाचा: आधी टेबल ओल्या फडक्याने पुसावे. मग सर्वांनी साबणाने हात धुवावेत, कारण मधल्या सुट्टीतली पोळी बोटांना असतेच. स्टीलची भांडी घ्यावीत. चाळणी आणि तेल नवे असावे. मुखवट्यांची खळ त्या दिवशी त्या खोलीत नको. कणीक धुण्याचा प्रयोगही दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोलीत.

काही विनंत्या

पालकांना: आपल्या मुलाला काही चालत नसेल तर लिहून द्या आणि वर्गशिक्षिकांना तोंडीही सांगा. कागद फायलीत राहतो हे आम्ही शिकलो आहोत. वाढदिवसाला वर्गात खाऊ वाटायचा असेल तर आदल्या दिवशी विचारा. चिक्की, राजगिऱ्याची वडी, चुरमुऱ्याचे लाडू, केळी ह्यांत कोणी मागे राहत नाही. फक्त चिक्कीसाठी शेंगदाण्याची चौकशी करावी.

विश्वस्त मंडळास: शाळेच्या स्वयंपाकघरासाठी एक लहान घरघंटी, जिच्यात तांदूळ आणि ज्वारीखेरीज काही दळले जाणार नाही, आणि कुलूप असलेले एक कपाट मिळावे. त्यात एक कढई, एक चाळणी, दोन पराती एवढेच ठेवू. खर्च फार नाही. दिवाळीच्या फराळाच्या तासाला ह्याचा उपयोग लगेच होईल.

विद्यार्थ्यांना: मैत्रिणीला "एक घास खा ना, काही होत नाही" असे म्हणू नका. होते. आणि तिला दुरून दाखवत खाण्याऐवजी तिला चालेल ते सगळे मिळून खा.

यंदाच्या नवरात्रात आपल्या भोंडल्याच्या डब्यात एकाही दिवशी गहू नव्हता. कोणासाठी वेगळा डबाही नव्हता. तांदूळ निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरमध्ये दळले, तेही गेल्या वर्षीच्या त्याच मुलीच्या घरी, तिच्या आईच्या देखरेखीखाली. सातव्या दिवशी डबा तिच्या हातात आला. तिने तो कानाशी धरून बराच वेळ हलवला आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "लाडू!" झाकण काढले तर लिंबोळ्या. सगळ्या मुली हसल्या, तीही हसली, आणि तिने दोन लिंबोळ्या उचलल्या.

३१ तारखेच्या खाऊच्या तासाला ज्या पालकांना मदतीला यायचे असेल त्यांनी आपली नावे वर्गशिक्षिकांकडे द्यावीत. येताना हिंग आणू नये ही नम्र विनंती.